सेंद्रिय गटात नाव घालताय? आधी लॉगिन कोणाकडे आहे ते विचारा

दोन-तीन एकर कोरडवाहू आहे आणि रासायनिकातून बाहेर पडायचं ठरवलंय, अशांसाठी हे लिहितोय. जीवामृत कसं करायचं, दशपर्णी किती दिवस मुरवायची, हे तुम्हाला ठाऊक असणार. नसेल तर गावात दोघं तरी सांगतील. मी कागदांबद्दल लिहिणार आहे, कारण आमच्या गटाची तीन वर्षांची मेहनत कागदापायी अडकली होती आणि तो राग अजून गेलेला नाही.

सेंद्रिय शेतीसाठीची केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना 2015 पासून सुरू आहे. साधारण 20 हेक्टरचा क्लस्टर, म्हणजे शेतांचा समूह होतो आणि तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपयांची मदत मिळते. त्यातले 15,000 निविष्ठांसाठी थेट तुमच्या खात्यात येतात, तेही जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. उरलेले पैसे प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीच्या कामासाठी असतात. बैठकीत सगळे त्या 15,000 बद्दल विचारतात. प्रमाणीकरणाबद्दल कोणी विचारत नाही, आणि गोची तिथेच होते.

या योजनेत प्रमाणीकरण, म्हणजे माल सेंद्रिय असल्याचा दाखला, पीजीएस-इंडिया या सहभागातून हमी देण्याच्या पद्धतीने मिळतो. गटात किमान पाच शेतकरी लागतात आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. गटाची नोंदणी, प्रत्येकाच्या जमिनीचे गट नंबर, पिकं, तपासणीचे अहवाल हे सगळं ऑनलाइन भरावं लागतं. आमच्याकडे हे काम मदतनीस संस्थेचा एक मुलगा करायचा. मुलगा चांगला होता, पण नोंदणीला ईमेल त्याचा आणि मोबाइलही त्याचाच दिलेला. योजनेची मुदत संपली, संस्था दुसऱ्या तालुक्यात गेली, मुलाने नोकरी सोडली. ओटीपी कोणाच्या फोनवर जातो हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

आता हे नीट समजून घ्या. पीजीएसचं प्रमाणपत्र वर्षभरापुरतंच असतं. दर वर्षी तपासणी करून अहवाल चढवला नाही तर ते संपतं, मग तुम्ही शेतात चिमूटभरही युरिया टाकला नसेल तरी. रासायनिकातून सेंद्रियाकडे वळण्याच्या रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ मिळतं. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवर्षायू पिकांना तीन वर्षं झाली की ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. आमचं ‘ऑरगॅनिक’ व्हायच्या वेळीच नूतनीकरण राहिलं. खरेदीदाराने क्रमांक मागितला, तपासला, तर मुदत संपलेली. तूर शेवटी बाजार समितीत साध्या भावाने घालावी लागली.

म्हणून नोंदणीच्याच दिवशी गटाच्या नावाने नवा ईमेल काढा. मोबाइल नंबर गटातल्याच माणसाचा द्या, आणि तो नंबर रिचार्जअभावी बंद पडणारा नसावा. पासवर्ड दोघांच्या वहीत हवा. दर तपासणी अहवालाची छापील प्रत गटाच्या फायलीत लावा. संस्थेचा माणूस म्हणेल, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मी भरतो ना.’ त्याला शेजारी बसवा, पण भरा तुम्ही. शॉर्टकटचा मला तिटकारा आहे तो यामुळेच.

आणि आधीच अडकला असाल तर हातपाय गाळू नका. गटाचा ठराव, सगळ्यांच्या सह्या आणि जुन्या प्रमाणपत्राची प्रत जोडून आम्ही प्रादेशिक परिषदेकडे, म्हणजे पीजीएसचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज दिला. हेलपाटे झाले, पण गट परत आमच्या हातात आला. जमीन तुमची आहे, नोंदवही तुमची आहे, तर गटही परत मिळतो.

तपासणीला मात्र उरकाउरकी नको. आमच्याकडे आता पाचही जण बांधावर उभे राहतात. शेजारच्या कपाशीवर फवारणी होते तेव्हा वारा कुठून येतो, मध्ये किती ओळी सोडल्या, पावसाचं पाणी कोणाच्या रानातून येतं, हे विचारतात. मग कोठीत जातात, फवारणीच्या पंपाचं झाकण उघडून वास घेतात. पहिल्यांदा भावकीतल्या माणसाच्या पंपात नाक घालायला लाज वाटली. पण ज्या गटात हे होत नाही, त्या गटाच्या कागदावर सही करू नका.

निर्यातीचा मार्ग वेगळा आहे. तिथे एनपीओपीचं, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र लागतं, पीजीएस चालत नाही. त्यात कंपनी गट बांधत असेल तर प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. 2025 च्या सुधारित नियमांत शेतकरी गटालाच कायदेशीर दर्जा दिलाय, त्याचा आग्रह धरा.

प्रमाणपत्र नाही म्हणून विक्री थांबवायचीही गरज नाही. वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असलेला छोटा शेतकरी थेट ग्राहकाला सेंद्रिय माल प्रमाणपत्राशिवाय विकू शकतो. फक्त ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. ओळखीच्या वीस-पंचवीस घरांना ज्वारी आणि डाळ पोचवणं हीच सुरुवात मला सगळ्यात भरवशाची वाटते.

बाकी योजनांचं थोडक्यात. शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या, त्याशिवाय राज्यात कृषी योजनांचा लाभ मिळत नाही. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के अनुदान आहे, पण पूर्वसंमती हातात पडेपर्यंत दुकानदाराला पैसे देऊ नका. डाळ मिलसारख्या छोट्या प्रक्रिया उद्योगाला पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान मिळतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं डाळ दुसऱ्याच्या मिलमधून करून आणा. गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर कर्ज काढा.

शिकायला कृषी विज्ञान केंद्रात जा, माती तपासा, सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवा. बियाण्यासाठी अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण कसे जपलेत ते बघून या. एकरी लाखोंचं उत्पन्न सांगणारे व्हिडिओ आणि फी घेऊन दोन दिवसांची शिबिरं भरवणारे, यांच्यावर माझा विश्वास नाही. जो मे महिन्यात स्वतःचं रान दाखवतो आणि खर्चाची वही उघडतो, त्याच्या मागे जा.

शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर घ्यायला सांगतील. जरूर घ्या. केंद्राच्या 2020 च्या योजनेत सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत समभाग अनुदान कंपनीला मिळतं, त्यामुळे सभासद वाढवायची घाई असते. तुम्ही आधी मागच्या वर्षाचा ताळेबंद मागा, आणि संचालकांपैकी कितीजण स्वतःचा माल कंपनीलाच घालतात ते विचारा. उत्तर मिळाल्यावरच पैसे भरा.