अर्धे बेळगावात, अर्धे बाहेर: रोलप्लेइंग गेमचं टेबल ऑनलाइन कसं मांडावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपची अडचण ठरलेली. कॉलेज संपेपर्यंत सगळे एका गल्लीत, मग कोण पुण्याला, कोण बेंगलोरला, कोण पणजीला. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ मुळात एका टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे डीएम. जग, माणसं, राक्षस सगळं तो सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि जिथं काय होईल सांगता येत नाही तिथं फासे टाकतात. 1974 साली अमेरिकेत हा खेळ छापून आला तेव्हा कागद, पेन्सिल, फासे एवढ्यावर भागायचं. आजही भागतं. ऑनलाइन साधनांनी फक्त लांबच्या माणसाला टेबलावर आणायचं, म्हणून ती जितकी कमी तितकं बरं, असं माझं मत आहे. खालची मांडणी पाच-सहा जणांसाठी आहे: दोघं-तिघं बेळगावात एका घरात, बाकीचे आपापल्या गावी फोनवर किंवा लॅपटॉपवर.

पहिली पायरी: आवाज

बहुतेक नवे डीएम नकाशापासून सुरुवात करतात. नकाशा नसला तरी खेळ होतो, आवाज तुटला की बसतो. डिस्कॉर्ड या बोलायच्या-लिहायच्या ॲपवर फुकटात एक सर्व्हर, म्हणजे आपल्या ग्रुपची जागा, काढा, त्यात एक व्हॉइस चॅनेल आणि दोन लिखाणाचे चॅनेल ठेवा: एक फाशांसाठी, एक गप्पांसाठी. व्हॉइस चॅनेलचा ठरलेला वेग 64 केबीपीएस असतो, म्हणजे सलग बोलणाऱ्या एका माणसाचा आवाज तासाला साधारण 29 एमबी खातो. खानापूरच्या आतल्या गावात मोबाइल डेटावर बसलेल्यालाही हे परवडतं. व्हिडिओ मात्र बंदच ठेवा; चेहरे बघायचेच असतील तर सुरुवातीची पाच मिनिटं पुरे.

खरी डोकेदुखी एका खोलीत बसलेल्यांची. दोघांनी दोन फोनवरून तोच कॉल जोडला की आवाज फिरून फिरून कर्कश शिट्टी वाजते. त्या खोलीत माइक एकच आणि स्पीकर एकच, दोन्ही एकाच यंत्रावर. बाकीच्यांनी नकाशा बघायला फोन उघडा ठेवावा, पण कॉलमध्ये यायचं नाही. मग डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या यंत्रावरचं नॉइज सप्रेशन बंद करा. ते एका माणसाच्या जवळच्या आवाजासाठी बनवलंय, टेबलाच्या पलीकडून बोलणाऱ्याला ते पंख्याची घरघर समजून कापून टाकतं, आणि पुण्याहून तक्रार येते, "आवाज येतोय, खरं अर्धाच येतोय." इको कॅन्सलेशन मात्र चालूच राहू द्या.

दुसरी पायरी: फासे

घरात बसलेल्यांनी खरे फासे टाकायचे आणि बाहेरच्यांनी ॲपवर, असं करता येतं. तरी पहिल्या काही डावांत सगळ्यांनी एकाच ठिकाणी टाकावेत असं मी सुचवेन, कारण निकाल सगळ्यांना दिसला की हुरूप वेगळाच असतो. अव्रे नावाचा बॉट, म्हणजे हुकूम टाइप केला की फासे टाकून देणारा प्रोग्रॅम, डिस्कॉर्डवर फुकट मिळतो आणि तो याच खेळासाठी केलेला आहे. हुकूम टाइप करताना कळफलक इंग्रजीवर घ्या. आकडे देवनागरीत पडले की बॉटला ते कळत नाहीत, आणि नवीन खेळाडू उगाच गोंधळतो.

वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता 5 टक्के. "बॉट मला नेहमी कमीच देतो" ही कुरकुर प्रत्येक ग्रुपमध्ये होते, तिकडे लक्ष देऊ नका. दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, ज्याला ॲडव्हांटेज म्हणतात, त्यात सरासरी साडेदहावरून पावणेचौदाच्या थोडी वर जाते. हा फरक मोठा आहे, म्हणून खेळाडूनं डोकं लढवलं तर ॲडव्हांटेज द्यायला हात आखडता घेऊ नका.

तिसरी पायरी: पात्राचा तक्ता, मराठीत

तयार पीडीएफ तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत, पण त्यांच्या चौकटीत मराठी टाइप केलं की बऱ्याचदा जोडाक्षरं तुटतात किंवा नुसते डबे दिसतात. गुगल शीट्समध्ये स्वतःचा तक्ता करायला अर्धा तास लागतो. एक फाइल, प्रत्येक खेळाडूला एक पान. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण एकाखाली एक लिहा, शेजारी आकडा, त्याच्या शेजारी फाशात मिळवायची बेरीज. ही बेरीज काढायला गुणातून 10 वजा करून 2 नं भागायचं आणि खालचा पूर्णांक घ्यायचा: 15 चे अधिक 2, 8 चा उणे 1. इथं फॉर्म्युला निवडताना जपा. शीट्समधला इंट हा फॉर्म्युला खालच्या अंकाकडे जातो, त्यामुळे 9 ला बरोबर उणे 1 येतो. ट्रंक वापरलात तर दशांश नुसता छाटला जातो, 9 ला शून्य येतं आणि अशक्त पात्र फुकटात सुधारतं. आणखी एक: याच तक्त्यात रँडबिटवीन लावून फासे टाकायचा मोह होईल. टाळा. कुठल्याही चौकटीत काही बदललं की तो आकडा पुन्हा नव्यानं पडतो.

नियमही मराठीत लिहून देता येतात, आणि तेही उजळ माथ्यानं. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी 5.1, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. भाषांतर करा, छापा, वाटा. त्या फाइलमध्ये श्रेयाचं वाक्य दिलेलं आहे तेवढं सोबत ठेवा आणि तुम्ही बदल केलेत हे नमूद करा. सगळं भाषांतर करत बसू नका. आपली पाळी आली की काय काय करता येतं, जखमी झालो तर काय होतं, मंत्र कसे चालतात, असं दोन पानांत मावेल तेवढंच करा. आपल्याकडच्या टेबलावर कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी कोकणी बोलत असतो. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या, नियमाचं पान मात्र सगळ्यांना वाचता येईल असं एकच असावं.

चौथी पायरी: नकाशा

इथं वेळ घालवायला माझी ना नाही, कारण मजा आहे. गोष्ट आपल्याच भागातली घ्या. राजहंसगड आहे, हुक्केरीकडचा वल्लभगड आहे. मला सगळ्यात आवडतं ते भीमगडचं जंगल: खानापूर तालुक्यात, म्हादईच्या उगमाकडे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. गुहा, अंधार, वटवाघळं, एवढ्यावर एक रात्र सहज निघते. (खऱ्या गुहेकडे जायचं डोक्यात घेऊ नका, ते अभयारण्य आहे, आणि वटवाघळांना शांतता लागते.)

गणिताची चौकडीची वही घ्या. एक चौकोन म्हणजे पाच फूट. माणूस एका पाळीत साधारण तीस फूट चालतो, म्हणजे सहा चौकोन, तेव्हा पन्नास चौकोनांची गुहा काढलीत तर नुसतं चालण्यातच डाव संपेल. आडवे 24 आणि उभे 18 चौकोन पुरतात. काळ्या पेननं भिंती जाड काढा, फोन अगदी वरून धरून फोटो घ्या आणि कडा चौकोनाच्या रेघेवरच कापा. रोल20 या ऑनलाइन नकाशा मांडायच्या वेबसाइटवर एक चौकोन 70 पिक्सेलचा असतो, म्हणून फोटो 1680 बाय 1260 चा केलात की वहीतल्या रेघा पडद्यावरच्या जाळीवर चपखल बसतात. खेळाडू फोनवर असतील तर आउलबेअर रोडिओ सोपं पडतं: लिंक पाठवली की ब्राउझरमध्ये उघडतं. तिथं नकाशा चढवून तो किती चौकोन रुंद-उंच आहे ते आकडे भरायचे. दोन्हीकडे न पाहिलेला भाग झाकून ठेवायची सोय आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी दुसऱ्या फोनवरून खेळाडूची लिंक उघडून बघा, म्हणजे आतली खोली आधीच उघडी पडली नाही ना याची खात्री होते.

आता वटवाघळं. एसआरडीमध्ये वटवाघळांचा थवा आहे: 22 जीवबिंदू (म्हणजे किती मार सोसतो त्याचा आकडा), आणि अंधारातही त्याला सगळं कळतं. पण कान बंद झाले की ती शक्ती जाते, असं नियमातच लिहिलंय. समजा निपाणीचा खेळाडू म्हणाला, "माझ्याकडे हलगी आहे, मी गुहेत जोरात वाजवतो." यासाठी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. डीएमनं क्षणभर विचार करायचा, एक फासा मागायचा, जमलं तर थवा पुढच्या पाळीपर्यंत आंधळा. पडद्यावर थव्याच्या चित्रावर एक खूण करा आणि पुढे चला. तिथं मेनू शोधत बसलात तर हलगीची गंमत गेली.

लाईट गेली तर

पावसाळ्यात हे होणारच. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि डीएमच्या फोनवर हॉटस्पॉट तयार ठेवा. नकाशाचा फोटो आणि सगळ्यांच्या तक्त्याची पीडीएफ सकाळीच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. नेट पूर्ण गेलं तरी साध्या कॉन्फरन्स कॉलवर डाव संपवता येतो.

पैसे कधी घालावेत

पहिले चार-पाच डाव तरी नको. रोल20 वर भिंतीनुसार उजेड-सावली आपोआप पडण्याची सोय पैसे भरल्यावर मिळते. दिसायला छान, पण झाकलेला नकाशा हातानं उघडणं वाईट नाही. ग्रुप टिकला, डीएमला स्वतःचं जग वर्षभर चालवायचं असलं, तर फाउंड्री बघा. 2020 साली आलेलं हे नकाशा मांडून खेळायचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचं, मासिक वर्गणी नाही, आणि परवाना फक्त डीएमला लागतो. मात्र ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि खेळाडू बाहेरून त्यात शिरतात. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यामुळे राउटरवर 30000 क्रमांकाचं पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. म्हणून विकत घेण्याआधी राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि "माझा आयपी काय" असं शोधल्यावर दिसणारा पत्ता जुळवून बघा. दोन्ही एक असतील तर घरूनच चालवा. वेगळे असतील तर नेटवाल्याकडे स्वतंत्र पत्ता मागा, किंवा फाउंड्री भाड्यानं चालवून देणाऱ्या सेवेचा महिन्याचा खर्च आधीच ग्रुपमध्ये वाटून घ्या.