मेंटेनन्सच्या नव्या मुलांसाठी सराव-पॅनल कसं उभारावं आणि कसं वापरावं

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत आयटीआय झालेला मुलगा मेंटेनन्सला लागला की पहिले काही महिने तो सीनियर वायरमनच्या मागे टूल बॅग घेऊन फिरतो. पॅनल उघडतं, सीनियर फॉल्ट काढतो, मशीन चालू होतं. मुलाला दिसते फक्त सीनियरची पाठ. प्रॉडक्शन थांबलेलं असताना त्याच्या हाती मीटर देऊन सावकाश शोधू द्यायला कोणाला सवड नसते, आणि ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये शिकाऊ हात जाऊ देणं बरोबरही नाही.

सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्यासारखा फॉल्ट मुद्दाम लावून सराव देण्याचं काम इथे सुरू होतं. खऱ्या मशीनवर वर्षातून एकदा येणारा फॉल्ट सराव-पॅनलवर एका सकाळी तीनदा लावता येतो. चुकलं तरी कोणाला शॉक नाही, मोटर जळत नाही, ऑर्डर अडकत नाही. नागपूरला ही पद्धत नवी नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे, आणि आग विझवणं नुसतं फळ्यावर शिकून येत नाही हे त्या क्षेत्रात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. विजेच्या फॉल्टचंही तसंच आहे.

व्हीआर हेडसेटच्या मागे आधी लागू नका. ढिला स्क्रू, तुटलेली वायर, मीटरचा प्रोब नेमका कुठे टेकवायचा, हे बोटांनी शिकायचं असतं.

पॅनलची बांधणी

सुरुवात डीओएल स्टार्टरपासून, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या सर्किटपासून करा. तीन बाय अडीच फुटांचा १९ मिमी प्लाय, त्यावर ३५ मिमीची डिन रेल (उपकरणं अडकवायची धातूची पट्टी). रेलवर २४ व्होल्ट डीसीचा ५ अँपिअर एसएमपीएस (एसी सप्लायचा डीसी करणारं युनिट), २ अँपिअरचा कंट्रोल एमसीबी, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा ९ अँपिअर कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की मोटरचा सप्लाय जोडणारा स्विच), थर्मल ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की सर्किट तोडणारा) आणि टर्मिनलची पट्टी. समोर हिरवं स्टार्ट, लाल स्टॉप, मशरूमच्या आकाराचं इमर्जन्सी स्टॉप आणि तीन इंडिकेटर: पिवळा सप्लायचा, हिरवा रनिंगचा, लाल ट्रिपचा. मोटरऐवजी कॉन्टॅक्टरच्या तीन पोलांवर २४ व्होल्टचे तीन दिवे लावा. एक ‘फेज’ गेला की एक दिवा विझलेला दिसतो.

एसएमपीएसला येणारी २३० व्होल्टची बाजू बंद डब्यात, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ठेवा. शिकणाऱ्याच्या हाताशी २४ व्होल्टच्या वर काहीही नको.

स्टोअरमधला जुना कॉन्टॅक्टर वापरायचा असेल तर आधी कॉइलवरचा मजकूर वाचा. एसी कॉइलला तेवढाच डीसी व्होल्टेज दिला तर करंट मर्यादेत ठेवणारा रिअॅक्टन्स (एसीला होणारा कॉइलचा अडथळा) उरत नाही आणि कॉइल तापून जळते. २४ व्होल्ट एसी कॉइल असेल तर एसएमपीएसऐवजी कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या, दिवे आणि इंडिकेटरही एसीवर चालणारे घ्या. आणखी एक गोष्ट: दिव्यांच्या एवढ्याशा करंटवर ओव्हरलोड रिले कधीच ट्रिप होणार नाही. ट्रिप दाखवायला त्याचंच टेस्ट बटण वापरा.

प्रत्येक वायरला फेरूल नंबर (टोकावरच्या नळीवरचा नंबर) हवा आणि तो ड्रॉइंगशी जुळायला हवा. इथे आळस केला तर मुलं फॉल्टऐवजी तुमच्या वायरिंगच्या चुका शोधत बसतील.

फॉल्ट कोणते लावायचे

मागे कुलूपबंद डब्यात आठ टॉगल स्विच बसवा. सात स्विच एकेका वायरच्या सिरीजमध्ये: कंट्रोल सप्लाय, इमर्जन्सी स्टॉप, स्टॉपचा एनसी (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट, ओव्हरलोडचा ९५–९६ कॉन्टॅक्ट, होल्डिंगचा (बटण सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा) १३–१४, कॉइलचा ए२ (परतीचं टोक) आणि दिव्यांपैकी एक पोल. आठवा स्विच स्टार्ट बटणाला समांतर, म्हणजे तो टाकला की बटण चिकटल्यासारखं होतं. शॉर्ट सर्किटचे फॉल्ट लावू नका. सप्लाय बंद पडण्यापलीकडे त्यातून फारसं शिकायला मिळत नाही.

होल्डिंगचा फॉल्ट सोपा, म्हणून पहिला तो द्या. बटण दाबून धरलं तोवर कॉन्टॅक्टर ओढतो, सोडलं की पडतो. आठवा फॉल्ट धोक्याचा. स्टॉप दाबलं की कॉन्टॅक्टर सुटतो, बोट उचललं की पुन्हा ओढतो. मे महिन्यात वादळ आलं, लाइन गेली आणि परत आली, तर असं मशीन कोणी हात न लावता सुरू होईल. होल्डिंग कॉन्टॅक्ट कशासाठी असतो, हे या दोन फॉल्टनंतर वेगळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ए२ वर द्या. ए२ ची वायर तुटलेली असताना मीटरचा काळा प्रोब शून्यावर (सप्लायच्या निगेटिव्हवर) ठेवून स्टार्ट दाबलं की ए१ वर, म्हणजे कॉइलच्या दुसऱ्या टोकावर, २४ व्होल्ट दिसतात. कॉन्टॅक्टर मात्र ओढत नाही. बहुतेक मुलं इथे ‘कॉइल गेली’ म्हणून नवा कॉन्टॅक्टर मागतात. पण प्रोब ए१ आणि ए२ च्या मध्ये लावला तर शून्य दिसतं, आणि ए२ वरही शून्याच्या तुलनेत २४ व्होल्टच येतात. कॉइल चांगली आहे. परतीचा रस्ता तुटला आहे. एका टोकावर व्होल्टेज आहे म्हणजे कॉइलला व्होल्टेज मिळतंय असं नाही, ही गोष्ट या एका फॉल्टने पक्की होते.

सराव घेताना

तिघांचा गट पुरे. एक जण मीटर धरतो, दुसरा ड्रॉइंग वाचतो आणि प्रत्येक रीडिंग लिहितो, तिसरा फक्त सुरक्षेच्या पायऱ्या बघतो. प्रत्येक फॉल्टनंतर जागा बदलायच्या. दहा मिनिटं शोधायला, आणि निदान तेवढीच नंतरच्या बोलण्याला. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हा सराव ठेवू नका. पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीला घ्या, डोकं ताजं असतं.

शोधताना ट्रेनरने बोलायचं नाही. हे सगळ्यांत अवघड जातं. मुलगा चुकीच्या टर्मिनलवर गेला की तोंडातून ‘तिथं नाही’ निघतंच. ते एक वाक्य निघालं की मुलगा मीटर वाचणं सोडतो आणि तुमचा चेहरा वाचू लागतो.

बोलायचं ते नंतर, आणि लिहिलेली रीडिंग समोर ठेवून. “भाऊ, तिसऱ्या रीडिंगला शून्य आलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?” असं विचारा. उत्तरातून चूक कुठे झाली ते कळतं: ड्रॉइंग वाचता आलं नाही, मीटर चुकीच्या रेंजवर होता, की नुसता अंदाज बांधला. ‘असं का केलं?’ म्हणून दटावलं, तर पुढच्या वेळी मुलं रीडिंग लिहायचंच टाळतील.

सराव-पॅनल उलटंही शिकवतं

हा धोका खरा आहे. २४ व्होल्टला हात लागला तर काहीच होत नाही. चार दिवसांत मुलं उघड्या टर्मिनलला बिनधास्त बोट लावू लागतात, आणि तीच सवय खऱ्या पॅनलपर्यंत जाते. म्हणून नियम एकच ठेवा: हे पॅनल ४१५ व्होल्टचं आहे असंच वागायचं. बूट, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर आणि वायर सोडण्याआधी पूर्ण लॉक-टॅग.

त्यासाठी पॅनलवर कुलूप लागणारा आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बसवा. क्रम असा: ऑपरेटरला सांगणं, मशीन थांबवणं, आयसोलेटर बंद, स्वतःचं कुलूप, स्वतःच्या नावाचा टॅग, किल्ली खिशात, मग स्टार्ट दाबून पाहणं. शेवटी मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग पुन्हा चालू सप्लायवर. शेवटची तपासणी मुलं हमखास गाळतात. मीटरची बॅटरी किंवा लीड मधेच गेली असेल, तर चालू लाइनवरही शून्य दिसतं, म्हणून ती गाळायची नाही. एकही पायरी सुटली तर फॉल्ट बरोबर सापडला तरी तो प्रयत्न नापास.

नोंद

प्रत्येक प्रयत्नाला चार आकडे लिहा: सुटलेल्या सुरक्षा पायऱ्या, घेतलेली रीडिंग, विनाकारण बदललेले पार्ट आणि वेळ. वेळ मुद्दाम शेवटी; तो आधी मोजला की मुलं घाई करतात. महिनाभराने तीच चाचणी वेगळ्या फॉल्टवर घ्या. तीच मुलं पुन्हा अडकली तर त्यांनी पद्धत शिकली नव्हती, स्विचच्या जागा पाठ केल्या होत्या.

खरा फायदा मोजायचा तर ब्रेकडाउन रजिस्टर उघडा. सराव सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत कंट्रोल सर्किटच्या फॉल्टला मशीन किती मिनिटं बंद होतं, आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती. त्याच रजिस्टरमधून दर महिन्याला प्रत्यक्ष घडलेले दोन फॉल्ट उचला, डब्यातल्या दोन स्विचच्या वायरी बदलून ते पॅनलवर आणा, आणि ड्रॉइंगवर तारीख टाका.