फोर्ट डेव्हिस : चंद्र पाहून आखायची सहल

पश्चिम टेक्सासमधलं फोर्ट डेव्हिस बहुतेकांना बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना वाटेत लागतं. भर दुपारी उतरायचं, किल्ल्याच्या मैदानात चार फोटो काढायचे आणि तासाभरात गाडी पुढे हाकायची, असा शिरस्ता. पण दुपार हीच या गावाची सगळ्यात निकामी वेळ. पहाट पाखरांची, सकाळ किल्ल्याची आणि रात्र आकाशाची. किमान दोन रात्री मुक्काम धरा आणि आखणी उलटीकडून करा: आधी रात्र ठरवा, मग दिवस.

रात्र ठरते ती मॅकडोनाल्ड वेधशाळेच्या तिकिटावर. गावापासून ११८ नंबरच्या रस्त्याने सुमारे १६ मैलांवर, माउंट लॉकच्या ६,७९१ फूट उंच माथ्यावर टेक्सास विद्यापीठाची ही वेधशाळा आहे. तिथली ‘स्टार पार्टी’, म्हणजे दुर्बिणीतून आकाश दाखवणारा रात्रीचा कार्यक्रम, साधारणपणे मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी असते. आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. मार्चच्या शाळा-कॉलेजांच्या सुट्टीत तर कित्येक दिवस आधीच जागा संपतात. तारीख निवडताना चंद्र पाहा. पौर्णिमेच्या आधीचे पाच-सहा दिवस सर्वांत वाईट, कारण तिन्हीसांजेलाच चंद्र वर आलेला असतो आणि आकाशगंगा पार धुऊन निघते. पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले की चंद्र उशिरा उगवतो, कार्यक्रमाची वेळ काळोखी मिळते. पंचांगाच्या भाषेत वद्य पंचमी ते शुद्ध चतुर्थी. तिकीट हातात आलं की मग हॉटेल.

कार्यक्रमाची वेळ सूर्यास्तानुसार बदलते. उन्हाळ्यात तो फार उशिरा सुरू होतो, तेव्हा लहान मुलांना दुपारी झोपवून घ्या. गावातून गाडीने अर्धा तास लागतो, पण निघा पाऊण तास आधी. वर पांढऱ्या टॉर्चला बंदी असते. लाल दिव्याचा टॉर्च न्या, नाहीतर साध्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती सगळी वाया जातात, तुमचीही आणि शेजाऱ्याचीही. जूनमध्येसुद्धा जाकीट घ्या: कोरड्या हवेत दिवसाची ऊब सूर्य मावळताच उडून जाते आणि तुम्ही दोन तास एका जागी उभे असता. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. टोपी, हातमोजे आणि जाड मोजे लागतातच. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण क्षितिज मोकळं दिसत असेल तर अगस्ती शोधा. पुण्याहून तो १८-१९ अंश वर चढतो, इथून जेमतेम साडेसहा.

दिवसा मोठ्या दुर्बिणी दाखवणारी फेरीही असते. १९३९ची ८२ इंची, १९६८ची १०७ इंची आणि षटकोनी ९१ आरशांची हॉबी-एबर्ली. यातल्या १०७ इंची दुर्बिणीच्या आरशावर १९७० साली एका कर्मचाऱ्याने पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या होत्या. आरसा फुटला नाही, छोटे खड्डे पडले. प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ एखाद टक्क्याने घटलं, एवढंच. तो आजही कामात आहे.

पोहोचताना फसतं कुठे

विमानाने येणाऱ्यांना मिडलंड (सुमारे अडीच तास) किंवा एल पासो (तीन-सव्वातीन तास) सोयीचं. अॅमट्रॅकची सनसेट लिमिटेड ही रेल्वेगाडी आठवड्यातून तीनदा जवळच्या अल्पाइन गावी थांबते, पण तिथून पुढचे २४ मैल गाडी तुमचीच हवी. एल पासोहून येणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे घड्याळ. एल पासो माउंटन वेळेवर चालतं, फोर्ट डेव्हिस सेंट्रल वेळेवर. पूर्वेकडे येताना एक तास हरवतो. मोबाइल कोणत्या टॉवरला चिकटला आहे त्यावर वेळ दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. किल्ला साधारण पाचला बंद होतो आणि तुमच्या घड्याळात तेव्हा चारच वाजलेले असतात.

एल पासोकडून येताना आय-१० महामार्गावर सिएरा ब्लँकाजवळ बॉर्डर पेट्रोलचा तपासणी नाका लागतो. भारतीय पासपोर्टवर असाल तर पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड.

पेट्रोल मार्फा, अल्पाइन किंवा फोर्ट डेव्हिसला भरून घ्या. गाव सोडलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा. भाजीपाला, फळं, औषधं यांची खरेदी अल्पाइनला उरका. गावातली खाण्याची ठिकाणं थोडी, लवकर बंद होणारी, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत काही उघडतच नाहीत. शाकाहारी मंडळींनी एका जेवणाची सोय स्वतःजवळ ठेवलेली बरी.

किल्ला

आपल्या डोक्यातला किल्ला इथे सापडणार नाही. तट नाही, बुरूज नाही, दरवाजाही नाही. एका रुंद मैदानाच्या एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग, समोर शिपायांच्या बराकी, मागे खडकांच्या भिंती. सॅन अँटोनियो ते एल पासो या रस्त्यावरची टपाल आणि वाटसरू यांना मेस्कालेरो अपाची आणि कोमांची या मूळ रहिवासी जमातींपासून संरक्षण द्यायला १८५४ साली हे लष्करी ठाणं झालं. जागा निवडली ती लिम्पिया ओढ्याचं पाणी, गवत आणि लाकूड पाहून. नाव तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचं, जे पुढे यादवी युद्धात अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचे अध्यक्ष झाले.

सकाळी आठला पोहोचा, दोन-तीन तास ठेवा, आणि माहिती केंद्रातून थेट समोरच्या घरांकडे न जाता आधी मागच्या खिंडीकडे चाला. पहिलं ठाणं तिथे आत होतं. तिथले प्रमुख सीवेल यांना पुढे खिंडीच्या तोंडाशी पक्कं दगडी ठाणं बांधायचं होतं, म्हणून आतल्या इमारती तात्पुरत्या, लाकडी फळ्यांच्या आणि गवती छपरांच्या राहिल्या. शिवाय तिन्ही बाजूंनी डोंगर. वरून कोणीही चालून यावं. आज तिथे जोत्यांचे दगडच दिसतात. यादवी युद्धानंतर, १८६७मध्ये वेस्ली मेरिट नवव्या घोडदळासह आले आणि त्यांनी ठाणं खिंडीबाहेर मोकळ्यावर काढलं. आत उभं राहून एकदा वर कड्यांकडे पाहिलं की बाहेर आल्यावर त्या मोकळ्या मैदानाचा अर्थ लागतो.

१८६७ ते १८८५ इथे राहिलेल्या तुकड्यांमध्ये नववं-दहावं घोडदळ आणि चोविसावी-पंचविसावी पायदळ रेजिमेंट होत्या. शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी बहुतेक गोरे. ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणतात ते हेच. लढाया थोड्या, रस्ते काढणं, तारेचे खांब रोवणं, टपालाच्या गाड्यांसोबत जाणं हे रोजचं. १८८०मध्ये अपाची नेता व्हिक्टोरियोचा पाठलाग करण्याऐवजी कर्नल ग्रियर्सन यांनी पाणवठे अडवून धरले. तिनाहा दे लास पाल्मास आणि रॅटलस्नेक स्प्रिंग्ज इथे त्याला पाण्यावाचून परतावं लागलं आणि तो मेक्सिकोत गेला. तिथे ऑक्टोबरमध्ये मेक्सिकन फौजेशी झालेल्या लढाईत तो मारला गेला.

घाई असली तरी शिधाकोठीची इमारत चुकवू नका. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, लेफ्टनंट हेन्री फ्लिपर, शिधापुरवठ्याचं काम पाहत होता. १८८१मध्ये हिशेबात रक्कम कमी भरली आणि त्याच्यावर लष्करी खटला चालला. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तूट भरून दिली. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण ‘अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन’ या कलमाखाली १८८२मध्ये बडतर्फ झाला. अध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली ती १९९९मध्ये.

मातीच्या विटांच्या पडक्या भिंतींना हात लावू नका, टेकून उभंही राहू नका. पाऊस आणि वारा त्यांना आधीच खातात; बोटाने निघालेला थर परत बसत नाही.

डोंगर, पाखरं, पाणी

गावापासून चारेक मैलांवर डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्क आहे. मुक्कामासाठी पहिली पसंती तिथल्या इंडियन लॉजला. १९३०च्या दशकात मंदीतल्या बेरोजगार तरुणांच्या सरकारी पथकाने, म्हणजे सीसीसीने बांधलेली ही अडोबीची, म्हणजे मातीच्या विटांची वास्तू. जाड भिंतींमुळे दुपारी आत गारवा राहतो. खोल्या फक्त ३९, त्यामुळे काही महिने आधी पाहा. डागडुजीसाठी बंद नाही ना याचीही खात्री करा.

पार्कातून डोंगराच्या कण्यावरून किल्ल्यापर्यंत पायवाट जाते, एका बाजूने साधारण चार मैल. ती पार्काकडून किल्ल्याकडे उतरा आणि दुसरी गाडी किल्ल्यावर ठेवा. गाडी एकच असेल तर किल्ल्याची बंद होण्याची वेळ पाहून माघारी फिरा. वाटेत सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड पँट: कॅटक्लॉ या झुडपाचे आकडेदार काटे पातळ कपडा फाडतात. गाव सुमारे ५,००० फुटांवर आहे, पहिल्या दिवशी चढावर धाप लागली तर घाबरू नका, वेग कमी करा.

पक्षिप्रेमींनी पार्कातल्या लपणात सूर्योदयाला बसावं. सगळे शोधत असतात तो माँटेझुमा क्वेल. नराच्या चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे असे पट्टे, जणू सोंगाड्याने तोंड रंगवलंय. चाहूल लागली तरी तो लगेच उडत नाही, दबून बसतो. पाय पडेपर्यंत हलत नाही. म्हणून भराभर चालणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. गवतात दहा पावलं चाला, थांबा, ऐका, परत दहा.

गाडीतून पाहायचा घाट म्हणजे ७५ मैलांचा सिनिक लूप: ११८ने वर, मग १६६, मग १७ने परत. थांबत गेलात तर तीन तास. मदेरा कॅन्यनच्या थांब्यावर छोटी पायवाट आहे. तिथे ॲलिगेटर ज्युनिपरची साल बघा, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चिरलेली. या वाटेवर पेट्रोल पंप नाही. दोन्ही बाजूंची जमीन खासगी, आणि कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळा उभा पट्टा दिसला तर टेक्सासच्या कायद्याने ती ‘आत येऊ नये’ अशी पाटीच समजायची.

ऋतूंचं थोडक्यात: मार्च ते मे वारा आणि वणवे. एप्रिल २०११चा रॉक हाउस वणवा तीन लाख एकरांवर पसरला आणि गावातली घरंही त्यात जळाली, म्हणून शेकोटीवरची बंदी इथे कोणी हसण्यावारी नेत नाही. जुलै ते सप्टेंबर पाऊस. डोंगर हिरवे, हमिंगबर्ड भरपूर, पण दुपारी विजा पडतात. सातला चढायला लागा, बाराच्या आत कण्यावरून खाली या. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर खोली कळत नाही. थांबा, बहुधा तासा-दोन तासांत ओसरतं. रात्रीचं आकाश आणि चालणं दोन्ही साधायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. उबदार महिन्यांत खडकांच्या खाचेत न पाहता हात घालू नका, तिथे रॅटलस्नेक हे विषारी साप असतात.

वेधशाळेवरून रात्री उतरताना मात्र साप नव्हे, हरणं आणि रानडुकरासारखी हावेलिना हा खरा धोका. वेग ताशी ४० मैलांच्या वर नको. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच वेग धरू नका, मागून दुसरं येतंच.

परतीची वाट आय-१०कडे असेल तर १७ नंबरने उत्तरेला अर्धा-पाऊण तासावर बाल्मोरिया स्टेट पार्क आहे. सॅन सोलोमन झऱ्याचं पाणी बारमाही २२ ते २४ अंशांवर, तलाव २५ फुटांपर्यंत खोल, तळाशी मासे स्पष्ट दिसतात. दिवसाचा पास आधी काढा; उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी फाटकावरून परत पाठवतात. झऱ्यात दुर्मीळ कोमांची स्प्रिंग्ज पपफिश राहतो, त्यामुळे अंगाला सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका. बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की काम भागतं. पोहण्याचे कपडे बॅगेत सगळ्यात वर ठेवा.