बोर्ड गेमची चाचणी घेताय? या चुका टाळा

डोक्यात चालणारा गेम कधीच अडकत नाही. तिथले खेळाडू शहाणे असतात, कुणी मध्येच मोबाइल काढत नाही आणि प्रत्येक नियमाचा अर्थ तुम्हाला हवा तोच लागतो. खरी गंमत चार माणसं पटाभोवती बसली की सुरू होते. बहुतेक डिझायनर या चौघांना फार उशिरा बोलावतात आणि बोलावल्यावर त्यांच्यापासून गेमचं रक्षण करत बसतात. पुढच्या बहुतेक चुका या दोनातूनच निघतात.

आधी सजावट, मग डाव

पहिल्या प्रोटोटाइपला (कच्च्या नमुन्याला) कागद, पेन्सिल, दुसऱ्या गेममधून उसने घेतलेले फासे आणि टोकनं एवढं पुरतं. पत्ते हवे असतील तर पोकर आकाराच्या (63 × 88 मिमी) स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या पारदर्शक पाकिटात, एखादा जुना पत्ता घाला आणि त्याच्यापुढे हातानं लिहिलेली चिठ्ठी सरकवा. गड्डी नीट पिसता येते, आणि आकडा बदलायचा झाला की चिठ्ठी बदलली, काम झालं.

चित्रं काढून, रंगीत छापून आणलेला पत्ता फेकायला हात धजत नाही, हे एक नुकसान. दुसरं जास्त मोठं आहे: गेम पूर्ण झाल्यासारखा दिसला की खेळणारे संकोचतात. 'छान आहे' म्हणतात, फार तर अक्षरांच्या आकाराबद्दल बोलतात. पेन्सिलनं खाडाखोड केलेल्या पटावर मात्र तेच लोक बिनधास्त सांगतात की तिसऱ्या फेरीनंतर कंटाळा आला.

'थांबा, मी सांगतो!'

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. आपला तो बाब्या म्हटल्यावर खेळाडू अडखळला की डिझायनरला राहवत नाही. तो नियम समजावतो, चाल सुचवतो, 'हा पत्ता आत्ता वापरू नका, पुढे कामी येईल' असंही सांगून टाकतो. डाव सुरळीत पार पडतो आणि त्यातून काहीही कळत नाही, कारण खोक्याबरोबर डिझायनर विकला जाणार नसतो.

सुरुवातीच्या चाचण्यांत नियम तोंडी सांगायला हरकत नाही. तेव्हा मूळ कल्पनेत दम आहे का, एवढंच बघायचं असतं. पण एकदा डाव सुरू झाला की गप्प बसा आणि शक्यतो स्वतः खेळू नका. तुम्हाला चांगल्या वाटा आधीच माहीत असतात, त्यामुळे तुम्ही जिंकलात काय, हरलात काय, त्याला अर्थ नाही. शिवाय स्वतःची पाळी सांभाळताना इतरांचे चेहरे दिसत नाहीत.

आणि बघायचं असतं ते तिथेच. 'आता कुणाची पाळी?' हे किती वेळा विचारलं गेलं? कुठला पत्ता प्रत्येकानं हातात घेऊन परत ठेवला? सोंगटी कुठल्या घरात ठेवायची यावर कधी घोळ झाला? दुसऱ्याची पाळी चालू असताना लोक पटाकडे बघत होते की खिशाकडे? वहीत या गोष्टी वेळेसकट टिपा. कुणी नियम चुकीचा वाचून तसाच खेळत असेल, तर उशिराच्या चाचण्यांत तोही खेळू द्या. कधी कधी चुकून खेळलेला नियम तुमच्या नियमापेक्षा सरस निघतो.

खेळाडूनं सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलणं

खेळाडूला कुठे दुखतंय ते बरोबर कळतं, औषध मात्र तो बहुधा चुकीचं सांगतो. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला लुडोच घ्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर येत नाही. एका खेळाडूला दहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के. ऐकायला कमी वाटते, पण चार जण खेळत असतील तर त्यातला निदान एक जण दहा पाळ्यांनंतरही घरातच अडकून पडलेला असण्याची शक्यता जवळपास 50 टक्के होते. म्हणजे दर दोन डावांत एक माणूस नुसता फासा टाकून बसलेला.

अशा माणसाला चाचणीनंतर विचारलं तर तो म्हणेल, 'प्रत्येक पाळीला दोनदा फासा टाकू द्या.' ऐकलं तर सगळ्यांच्याच पाळ्या लांबतील. त्याची खरी तक्रार वेगळी आहे: इतका वेळ त्याला काही ठरवायलाच मिळालं नाही. एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवली तर प्रश्न मिटतो. पाच आणि सहा दोन्हींवर बाहेर पडू दिलं, तरी दहा पाळ्या अडकण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या खाली येते. तेव्हा उपाय ऐकून घ्या, लिहूनही घ्या, पण त्याच्या शेजारी 'हे का वाटलं?' असा रकाना ठेवा.

'मजा आली का?' हा प्रश्न तर विचारूच नका. समोर बसलेला भला माणूस हो म्हणतो. त्याऐवजी विचारा: कुठल्या पाळीला काय करावं ते सुचेना? आणि आपण हरणार हे कधी कळलं? दुसऱ्या प्रश्नाला 'अर्ध्यातच' असं उत्तर आलं, तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

पुढे गेलेला पुढेच जातो

पैशानं जागा, जागेनं आणखी पैसा. असं चक्र ठेवलं की आघाडीवरचा पळत सुटतो आणि बाकीचे लिंबूटिंबू होतात. मोनोपॉलीचं मूळ असलेल्या, एलिझाबेथ मॅगी यांनी 1904 मध्ये पेटंट घेतलेल्या गेममध्ये हे मुद्दाम होतं. भाडं खाणारा कसा गब्बर होतो तेच त्यांना दाखवायचं होतं. तुमचा तसा काही हेतू नसेल तर चक्राला खीळ हवी. 'पॉवर ग्रिड'मध्ये (2004) सगळ्यांत पुढे असलेला खेळाडू इंधन शेवटी विकत घेतो, तोवर स्वस्त माल संपलेला असतो. मात्र खीळ फार घट्ट झाली तर सगळे मुद्दाम मागे राहू लागतात, आणि ते बघायला अधिक केविलवाणं असतं. माझ्या मते सगळ्यात आधी करून बघावा असा उपाय म्हणजे गेम लवकर संपवणं. बारा फेऱ्यांच्या नऊ करा; बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

सहकारी गेममध्ये, म्हणजे सगळे एकाच बाजूनं खेळतात तिथे, हाच आजार वेगळ्या रूपात येतो. 'पॅन्डेमिक'सारख्या (2008) गेममध्ये एखादा जाणकार सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि उरलेले फक्त सोंगट्या हलवतात. 'हानाबी'मध्ये आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, फक्त इतरांना दिसतात. त्यामुळे एकट्यानं सूत्रं हातात घेताच येत नाहीत. 'एकमेकांना हुकूम सोडू नका' असा नियम लिहिण्यापेक्षा माहितीच वाटून टाकलेली बरी. तो नियम कुणी पाळत नाही.

चार डावांवरून निष्कर्ष, आणि एकदम पाच बदल

'पहिला खेळाडू चारपैकी तीन डाव जिंकला, म्हणजे त्याला झुकतं माप आहे!' थांबा. दोन तुल्यबळ खेळाडूंत कसलंही झुकतं माप नसताना पहिल्यानं चारपैकी तीन किंवा चारही डाव जिंकण्याची शक्यता 31 टक्के आहे. बुद्धिबळात पांढऱ्याला थोडा फायदा असतो हे असंख्य डावांच्या नोंदींवरून कळलं. तुमच्या आठवडाभराच्या चाचण्यांत एवढा बारीक फरक दिसणारच नाही. तिथे मोठी दुखणीच शोधा.

बदल करताना एका वेळी एकच करा. तो भरपूर मोठा असू द्या: किंमत 4 ची 5 करून काही जाणवत नाही, 8 करून बघा, किंवा 2. प्रत्येक पत्त्यावर आणि नियमाच्या कागदावर आवृत्तीची तारीख घाला, नाहीतर जुने-नवे पत्ते एका गड्डीत मिसळतात आणि सगळी संध्याकाळ वाया जाते.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

नेहमीच्याच मित्रांवर चाचणी घेऊ नका. ते तुम्हाला सांभाळून घेतात. खोक्यावर 'दोन ते पाच' लिहिणार असाल तर दोघांत आणि पाचांत दोन्हीकडे खेळवा. पाळीला दोन मिनिटं धरली तरी पाच जणांत प्रत्येकाला आठ मिनिटं थांबावं लागतं. लाल आणि हिरवी सोंगटी नुसत्या रंगानं वेगळी करू नका, आकारही वेगळा द्या. हा फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत.

नियमपुस्तिका शेवटी उरकणं

खोकं द्या, कोपऱ्यात बसा, तोंड उघडू नका. नवख्या माणसांनी पहिला पत्ता वाटेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळात बघा. एखादा नियम लोक ज्या पानावर शोधतात, तिथे तो लिहा, मग तुमच्या मते त्याची जागा कुठेही असो. बरोबरी झाली तर कोण जिंकतं, गड्डी संपली तर काय करायचं आणि देणं भागवता आलं नाही तर काय, ही तीन उत्तरं हटकून राहून जातात. चाचणीला बसण्याआधी तेवढी तपासून घ्या.