जुनी गिटार घेताना आधी मान बघा

गणपती आटोपले की आमच्या वेंगुर्ल्यात जुन्या गिटारी विकायला निघतात. चाकरमान्यांच्या पोरांनी हौसेने घेतलेल्या, मग गावच्या घरी माळ्यावर टाकलेल्या. मी शिकवतो, म्हणून पालक मला बघायला नेतात. जाताना सोबत दोन फुटी स्टीलची पट्टी असते. पॉलिश कितीही चमको, सौदा ठरतो तो या पट्टीवर.

आधी सगळ्या तारा सुरात आणा. तारा सैल असल्या की ताण नसतो आणि तारांची मानेपासूनची उंची आहे त्यापेक्षा कमी दिसते. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मग जाडी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (मानेच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या कडा) दाबून धरा आणि सातव्यावर बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर मानेला बाक आहे. तो ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या स्क्रूने पिळायच्या सळीने निघतो.

आता दाबलेली तार मोकळी करून बाराव्या फ्रेटवर उंची मोजा. जाड्या तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आत, म्हणजे उत्तम. साडेतीनच्या वर गेली तर खरी तपासणी पुढेच आहे. पट्टी मधल्या दोन तारांमधून फ्रेटवर उभी ठेवा आणि ब्रिजकडे, म्हणजे गिटारीच्या पोटावर तारा अडकवलेल्या लाकडाकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला निसटतं लागलं पाहिजे. लाकडाच्या निम्म्यावर आपटलं तर मान पुढे झुकलीय.

कुडाळात एका गिटारीची उंची चार मिलिमीटर भरली. मालक म्हणाले, "मास्तर, जरासो स्क्रू पिळूचो, झाला!" स्क्रूने बाक जातो, मानेचा कोन बदलत नाही. राहिलं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक कड, घासणं. बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल तीन मिलिमीटर घासावं लागतं, आणि तिथे ब्रिजच्या वर जेमतेम दोन उरलं होतं. कुणीतरी आधीच घासून ठेवलेलं. मान सांध्यातून सोडवून पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि डिंकाने बसवलेल्या सांध्याला त्याचा खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीवर जातो. बोल्टने कसलेली मान असेल तर काम सोपं.

आपल्याकडची हवा मात्र हिशेबात धरा. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, ब्रिजमागचं पोट फुगतं, तारा वर येतात. अखंड लाकडाच्या गिटारीत हे जास्त, प्लायच्या गिटारीत कमी. श्रावण-भाद्रपदात थोडी जास्त भरलेली उंची थंडीत उतरूही शकते, म्हणून अर्ध्या मिलिमीटरवरून मी सौदा मोडत नाही. पण पट्टी ब्रिजच्या निम्म्यावर आपटली तर सगळा दोष पावसावर ढकलू नका. फ्रेटवरचा गंज खाऱ्या वाऱ्याचा. बहुतेकदा घासून जातो, त्याला भिऊ नका.

शेवटी साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली घालून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. तेवढे पैसे भावातून कापा, नाहीतर गिटार जिथली तिथे ठेवा.