परदेशातल्या नोकरीची भीती: आधी परतीची वाट पक्की करा

"बिनधास्त जा, होतं सगळं नीट." तीनदा देश बदलताना हा सल्ला मला मिळाला आणि तिन्ही वेळा कुचकामी ठरला. एकेक भीती कागदावर लिहून तिचा सोक्षमोक्ष लावला, तेव्हाच ती आटोक्यात आली.

भाषेची भीती सोपी आहे. कामात रोज लागणारी वीस-पंचवीस वाक्यं निघण्याआधी तोंडात बसवा, बाकीची तिथे गेल्यावर येतात.

फसवणुकीच्या बाबतीत दोन गोष्टींवर अडून बसा. नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटला देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं मूळ तत्त्वच ते आहे. आणि पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. ओळखीची कागदपत्रं अडकवून ठेवणं हे ही संघटना सक्तीच्या मजुरीचं लक्षण मानते.

खरी अवघड भीती "नाहीच जमलं तर?" ही. मी तिथेच अडकले होते. पहिल्या वेळी पगार, रजा, विमा सगळं बारकाईने वाचलं. नोकरी सोडण्याचं कलम मात्र नुसतं चाळलं, कारण जाण्याआधीच सोडायचा विचार करणं अभद्र वाटलं. दुसऱ्या महिन्यात एका रात्री करारपत्र काढून बसले, तेव्हा अकराव्या पानावर सापडलं: वर्षाच्या आत सोडल्यास विमानभाडं आणि सुरुवातीचं घरभाडं परत करायचं. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते. काम बरं होतं, सहकारी चांगले होते. पण परतीचे दोर कापले गेलेत हे कळल्यापासून रोज सकाळी पोटात गोळा यायचा.

म्हणून सहीआधी ईमेलवर विचाराच. नोटीस किती दिवसांची? मध्येच सोडलं तर किती रक्कम परत करायची, आणि ती महिन्यागणिक कमी होते का? कंपनीने काढलं तर तिकीट कोणाचं? नोकरी गेल्यावर किती दिवस त्या देशात राहता येतं, हे मात्र तिथल्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. "असं विचारलं तर ऑफर जाईल" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. या प्रश्नांनी चिडणारी कंपनी पुढे अडीअडचणीला उभी राहणार नाही.

मग परतीचं तिकीट, तीन महिन्यांचा खर्च आणि ती परतफेडीची रक्कम वेगळ्या खात्यात साठवा. तेवढे जमेपर्यंत तिथे सोफासुद्धा घेऊ नका.

शेवटी एक तारीख ठरवा. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1960 मध्ये सांस्कृतिक धक्क्याचे टप्पे मांडले: आधी नवलाई, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणं. माझी चिडचिड दर वेळी तिसऱ्या महिन्यात उसळली. त्या दिवसांत राजीनामा लिहू नका. सहा महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी ठरवा. पगार थकला, पासपोर्ट अडकवला किंवा जिवाला धोका वाटला, तर मात्र थांबू नका, आपल्या देशाचा दूतावास गाठा. त्याचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. गरजेच्या वेळी फोन हाताशी असेलच असं नाही.