स्टेपनी काढून ठेवू नका
2020 च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम असेल तर कंपनीने कारमधे स्टेपनी नाही दिली तरी चालतं, पण तुमच्या गाडीत असेल तर डिकीत जागा हवी म्हणून घरी काढून ठेवू नका हो. किटने खिळ्याचं भोक बुजतं, साईडवॉल म्हणजे टायरची बाजू फाटली तर किटचा काहीच उपयोग नाही. ताम्हिणी घाटात पावसात खड्ड्याच्या कडेला आपटून आमचा टायर असाच बोटभर फाटला, आसपास एक दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही, स्टेपनी होती म्हणून अंधाराआधी माणगाव गाठलं. आणि महिन्यातून एकदा तिच्यातली हवा पण चेक करा, जॅक-पाना गाडीत आहे ना तेही बघा.